अंग आंबायच्या आधी

तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या हातातून टूथपेस्टचं झाकण खाली पडलं आणि मी ते उचललंच नाही. नुसती बघत राहिले त्याच्याकडे. उचलायचं म्हणजे वाकायचं, वाकायचं म्हणजे मांड्या लागणार, आणि मांड्यांनी त्या दिवशी संप पुकारला होता. शेवटी पायाच्या अंगठ्याने ते झाकण भिंतीपर्यंत ढकललं आणि पुढचे दोन दिवस ते तिथेच पडून होतं. खुर्चीत बसायचं तर दोन्ही हात टेबलावर टेकून, डोळे मिटून, आणि शेवटचे चार इंच चक्क स्वतःला सोडून द्यायचं, धप्पकन. जिना उतरायचा तर उलटा, कठड्याला धरून, एकेक पायरी. तरी गंमत म्हणजे जिना चढताना एवढं काही वाटत नव्हतं. ही गंमत लक्षात ठेवा, पुढे तिच्यावरच सगळं आहे.

झालं होतं असं की भाच्याने मला डोंगरावर नेलं. "मावशी, सोपाय गं, लहान मुलं येतात" वगैरे. मी दिवसभर खुर्चीत बसून काम करणारी बाई, चालणं म्हणजे घर ते गेट. चढताना भाता फुंकावा तशी छाती चालली होती, दर दहा मिनिटांनी "फोटो काढूया" म्हणून थांबत होते (फोटो एकही धड नाही), पण उतरताना मात्र मी राणी होते. श्वास छान, गप्पा चालू, भाच्याच्या पुढे पुढे, मध्येच उड्या मारत. मला वाटलं अवघड भाग संपला, आता फुकटचा. पायथ्याशी पोचले तेव्हा गुडघे लटलट कापत होते, तेवढं सोडलं तर काहीच नाही. दुसऱ्या दिवशी पाय जरा जड वाटले आणि मी ऑफिसात मिरवून घेतलं की बघा, या वयात. आणि तिसऱ्या दिवशी ते झाकण.

तर त्या दोन दिवसांत, हलता येत नव्हतं म्हणून, मी या विषयावर जे मिळेल ते वाचत सुटले. आणि नंतर वर्षभर स्वतःवर करून बघितलं, एकदा जमलं, एकदा परत तोंडावर आपटले. दोन्ही सांगते.

आधी एक गैरसमज. आपल्या भाषेत याला अंग आंबणं म्हणतात, आणि मला वाटतं त्या शब्दानेच आपला घात केलाय. आंबलं म्हणजे आत कुठेतरी आंबट झालं असणार ना, मग कोणी म्हटलं की स्नायूत लॅक्टिक अॅसिड साठलं की आपल्याला लगेच पटतं. शाळेच्या पी.टी.च्या सरांपासून जिमच्या ट्रेनरपर्यंत सगळ्यांनी मला हेच सांगितलंय. पण हे लॅक्टिक अॅसिड (शास्त्रज्ञ लॅक्टेट म्हणतात) व्यायाम थांबवल्यावर साधारण तासाभरात रक्तातून खाली येतं. मग ते तिसऱ्या दिवशी कसं दुखवेल? आणि याची सरळ परीक्षा १९८३ साली झालेली आहे, लोकांना ट्रेडमिलवर पळवलं, एकदा सपाट आणि एकदा उतारावर. सपाट पळणाऱ्यांचं लॅक्टिक अॅसिड वाढलं पण नंतर काही दुखलं नाही, उतारावर पळणाऱ्यांचं फारसं वाढलंच नाही आणि त्यांचेच पाय दुखले. माझीच गोष्ट! चढताना फुफ्फुसं बाहेर यायची वेळ आली होती तेव्हा काही बिघडलं नाही, गप्पा मारत उतरले तेव्हा बिघडलं.

त्याच वर्षी आणखी एक प्रयोग छापून आला, मला तो फार आवडतो कारण त्याला काही साहित्यच लागत नाही. एका स्टुलावर माणसाने चढायचं आणि उतरायचं, पण चढताना कायम एकच पाय वापरायचा आणि उतरताना खाली सोडणारा कायम दुसरा. तोच माणूस, तेच वजन, तेवढ्याच वेळा. दोन दिवसांनी दुखला तो उतरवणारा पाय, चढवणारा ठणठणीत.

कारण स्नायू दोन तऱ्हेने जोर लावतो. हे वाचता वाचताच करून बघा. पाण्याने भरलेली बाटली हातात घ्या, कोपर वाकवून वर आणा, दुसऱ्या हाताचा तळवा दंडावर ठेवा. वर आणताना स्नायू आखडत जोर लावतो, ही पहिली तऱ्हा. आता बाटली एकदम हळू, चार-पाच सेकंद घेत खाली न्या. दंडाचा स्नायू लांबतोय, पण सैल नाही पडलेला, कडकच आहे. म्हणजे तो ब्रेक लावतोय. लांबत जाता जाता जोर लावतोय. याला एक्सेंट्रिक म्हणतात, मी घरात ब्रेक मारणं म्हणते. जिना उतरताना, डोंगर उतरताना, खुर्चीत हळू बसताना, जड वस्तू खाली ठेवताना आपले स्नायू हेच करत असतात. दमायला होत नाही कारण अशा कामाला ऊर्जा कमी लागते, म्हणून तर मी गप्पा मारत होते, पण एकेका तंतूवर ताण मात्र जास्त पडतो. स्नायूच्या आत जे सूक्ष्म कप्पे एकापुढे एक जोडलेले असतात, सार्कोमिअर, ते लांबताना सगळे सारखे लांबत नाहीत, जे कमजोर असतात ते प्रमाणाबाहेर ताणले जातात आणि त्यातले काही परत जागेवर बसत नाहीत. स्नायू जितका लांब असताना जोर लावाल तितकं हे जास्त. मायक्रोस्कोपखाली बघितलं तर जिथे सरळ रेषा दिसायला हव्यात तिथे त्या फाटलेल्या, पसरलेल्या दिसतात.

बरं, मग लगेच का नाही दुखत? कारण दुखतं ते तुटण्यामुळे नाही, तुटल्यानंतर जी दुरुस्ती सुरू होते त्यामुळे. सूज येते, तिथल्या पेशी काही रसायनं सोडतात, त्याने आजूबाजूचे मज्जातंतू हळवे होतात, मग एरवी जो स्पर्श किंवा ताण जाणवलाही नसता तोच बोंब मारायला लावतो. म्हणून स्वस्थ बसलं की काही नाही आणि हललं की आई गं. साधारण बारा ते चोवीस तासांनी सुरू होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस, पाच-सात दिवसांत संपतं. डिलेड ऑन्सेट मसल सोअरनेस या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून सगळे याला डॉम्स म्हणतात. आणि हे काही नवीन शोध नाहीत हां, थिओडोर हफ नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९०२ सालीच एका बोटाच्या स्नायूवर प्रयोग करून लिहून ठेवलं होतं की ही जी उशिरा येणारी वेदना आहे ती स्नायूच्या आत काहीतरी तुटल्याची असावी. सव्वाशे वर्षं झाली आणि आपण अजून अॅसिडवरच.

ताकद मात्र उशिरा जात नाही, ती लगेच जाते. माझे पायथ्याशी गुडघे लटलटत होते ना, तीच खरी खूण होती, दुखणं नंतर आलं. आणि दुखणं थांबलं तरी ताकद पूर्ण परत यायला जास्त दिवस लागू शकतात. पाय कुठे पडतोय याचा अंदाजही त्या दिवसांत थोडा चुकतो. मी चौथ्या दिवशी सपाट जमिनीवर अडखळले तेव्हा मला वाटलं होतं माझंच लक्ष नाही.

आता मुद्द्याचं. हे टाळायचं कसं?

पहिलं सगळ्यांच्या तोंडी येतं ते स्ट्रेचिंग. मी पण केलं होतं, उतरल्यावर, भाच्याने बजावलं म्हणून, तब्बल दहा मिनिटं, एका दगडाला पाय लावून. काय झालं ते वर सांगितलंच. २०११ साली या विषयावरच्या बारा अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला, त्यात असं दिसलं की व्यायामाआधी स्ट्रेचिंग केलं तर दुसऱ्या दिवसाचं दुखणं शंभरपैकी सरासरी अर्ध्या पॉइंटने कमी होतं आणि नंतर केलं तर एका पॉइंटने. शंभरपैकी एक! एवढं तर कोणी आपुलकीने "फार दुखतंय का गं?" विचारलं तरी कमी होईल. स्ट्रेचिंग बाकी कशासाठी आवडत असेल तर खुशाल करा, माझं काही भांडण नाही, पण याच्यासाठी नको.

वॉर्मअपचं जरा बरं आहे. २००७ साली एका प्रयोगात बावन्न जणांना अर्धा तास ट्रेडमिलच्या उतारावर उलटं चालायला लावलं (पोटऱ्यांची वाट लावायची याहून चांगली पद्धत नसेल), काहींना आधी दहा मिनिटं साधं चालायला दिलं, काहींना नंतर. ज्यांनी आधी चालून अंग गरम केलं त्यांचं दोन दिवसांनंतरचं दुखणं शंभरपैकी तेराएक पॉइंटने कमी होतं. नंतर चालून कूलडाउन करणाऱ्यांना काही फरक नाही. म्हणजे दहा मिनिटं खर्च करायचीच असतील तर आधी करा. तेरा काही फार नाही, पण फुकटचे आहेत.

पण हे सगळं त्या दिवशीचं झालं. माझ्या डोक्यात खरा प्रकाश पडला तो दुसऱ्याच गोष्टीने, आणि ती इतकी साधी आहे की राग येतो आधी कोणी कशी सांगितली नाही.

एकदा अंग आंबलं की तोच व्यायाम दुसऱ्यांदा केल्यावर तेवढं आंबत नाही, हे आपल्याला अनुभवाने माहीत असतंच. पण आपण समजतो की ताकद वाढली म्हणून. तसं नाहीये. एकाच वेळेत ताकद कुठे वाढते? उलट पहिल्या वेळेनंतर ताकद पूर्ण भरूनही आलेली नसते तेव्हासुद्धा दुसरा झटका कमी लागतो. स्नायू, त्याच्या भोवतालचं आवरण आणि त्याला हुकूम देणाऱ्या मज्जातंतू असे सगळेच काहीतरी शिकून घेतात. आणि हे शिकलेलं टिकतं किती? केन नोसाका म्हणून संशोधक आहेत, त्यांचं आयुष्य याच विषयात गेलंय, त्यांच्या २००१ सालच्या एका प्रयोगात एकाच वेळच्या व्यायामाचं हे संरक्षण निदान सहा महिने टिकलेलं दिसलं, नऊ महिने ते वर्षाच्या दरम्यान कधीतरी ते संपलं. सहा महिने, एका दिवसाच्या कामावर!

आता तुम्ही म्हणाल की म्हणजे संरक्षण मिळवायला एकदा मरायलाच पाहिजे की. मी पण हेच म्हटलं. पण नाही, इथेच तर मजा आहे. त्याच माणसाच्या दुसऱ्या प्रयोगात लोकांच्या कोपराच्या स्नायूंकडून पूर्ण जोराने ब्रेक मारण्याच्या चोवीस आवृत्त्या करून घ्यायच्या होत्या, पण दोन आठवडे आधी काहींना फक्त सहा करायला लावल्या आणि काहींना फक्त दोन. दोन! आणि त्या दोनवाल्यांनासुद्धा नंतरच्या चोवीसचा त्रास कमी झाला. आणखी एका प्रयोगात तर पूर्ण ताकदीच्या दहा टक्के इतक्या हलक्या वजनाने, ज्याने स्नायूला काही इजाच होत नाही, असा व्यायाम दोन दिवस आधी करून घेतला आणि नंतरच्या चाळीस टक्क्यांच्या व्यायामाला तो उपयोगी पडला. म्हणजे स्नायूला नुसती कुणकुण लागली पाहिजे की असं काहीतरी येणारे.

मी हे वाचलं तेव्हा पाय उशीवर ठेवून पडले होते आणि पहिला विचार आला तो असा की मसाज, बर्फ, गोळ्या, फोम रोलर हे सगळं तहान लागल्यावर विहीर खणणं आहे. विहीर दोन आठवडे आधी खणायची, आणि ती सुद्धा वीतभरच.

मग सहा-सात महिन्यांनी भाच्याने परत विचारलं, तोच डोंगर, त्याचे मित्र येणार होते, "मावशी तू येऊ नकोस हवं तर" असं वर. झालं, मी येणार म्हटलं. हातात अठरा दिवस होते. मी काय केलं ते सांगते, हा काही शास्त्रोक्त कार्यक्रम नाही, मी माझ्या अकलेने बसवलेला. पहिल्या दिवशी खुर्चीत पाच वेळा हळू बसले. बस. हात छातीवर, मनात चार मोजत खाली, आणि उठताना बिनधास्त हाताचा आधार घेऊन, कारण उठणं मला शिकायचं नव्हतंच. आणि दोन मजले जिना उतरले, सावकाश, पाय न आपटता. तिथेच थांबले, आणि हेच खरं कठीण आहे बरं का, कारण पाच वेळा बसून काहीच वाटत नाही, आणखी वीस करावेसे वाटतात. करू नका. दुसऱ्या दिवशी मांडीत अगदी किंचित, हात लावला तरच कळेल असं काहीतरी होतं. तीन दिवस मध्ये सोडले. मग आठ वेळा आणि चार मजले. मग परत तीन दिवस काही नाही. मग दहा वेळा, थोडं जास्त खाली जाऊन, कमी उंचीच्या स्टुलावर, आणि सहा मजले उतरणं, वर जायला लिफ्ट. पोटऱ्यांसाठी पायरीच्या कडेला चवडे ठेवून टाचा हळू खाली सोडणं, तेही पाच-सहापासून सुरू करून. डोंगराच्या आधीचे चार दिवस काहीच नाही. सगळा मिळून वेळ धरला तर तासभर पण झाला नसेल अठरा दिवसांत.

आणि डोंगरावर उतरताना राणीपणा केला नाही. उड्या नाहीत, पाऊल छोटं, दोन काठ्या घेतल्या होत्या त्यांच्यावर थोडा भार, उतार जास्त असेल तिथे नागमोडी. पायथ्याशी मुद्दाम उभी राहून बघितलं, गुडघे शांत. तिसऱ्या दिवशी मांड्या थोड्या भरून आल्या होत्या, खोटं कशाला बोलू, पण मी सरळ तोंडाने जिना उतरले आणि भाच्याच्या एका मित्राचा, वय बावीस, मेसेज आला की त्याला मोजे घालता येत नाहीयेत. मी तो मेसेज जपून ठेवलाय.

हा झाला विजय. आता पुढचं ऐका.

या विजयाची हवा डोक्यात गेली आणि मी जिम लावली. पहिल्याच आठवड्यात ट्रेनरने विचारलं पुलअप येतो का, मी म्हटलं छे, तर म्हणाला मग निगेटिव्ह करूया, स्टुलावरून वर लटकायचं आणि हळूहळू खाली यायचं. नाव बघा, त्यातच सगळं होतं, म्हणजे शुद्ध ब्रेक मारणं, स्वतःच्या पूर्ण वजनाने, तेही हात लांब होत होत. मी वर्षभर हेच वाचत होते आणि माझ्या डोक्यात ट्यूब पेटली नाही! कारण दमायला झालं नाही ना. पाचचे चार सेट. त्याला पण वाटलं बाई दणकट आहे.

पायांना जे शिकवलं होतं ते पायांनाच ठाऊक, हातांना त्याचा पत्ता नाही. हे संरक्षण त्या त्या स्नायूपुरतं असतं (एका हाताला शिकवलं तर दुसऱ्या हाताला थोडं जातं असं दिसलंय, पण पायाचं हाताला असलं काही नाही). वर आणि हाताचे स्नायू पायांपेक्षा हळवे, कारण पाय निदान रोज जिने तरी उतरतात, हात रोज काय उतरवतात, कपाचा कान. दुसऱ्या दिवशी दोन्ही कोपरं सरळ होईनात. मी खेकड्यासारखे हात धरून फिरत होते, केस विंचरता येईनात, टीशर्ट काढताना अर्ध्यात अडकले ते बहिणीने येऊन सोडवलं. तिसऱ्या दिवशी दंड सुजून कोपराच्या खालपर्यंत आले आणि तेव्हा मी घाबरले.

घाबरण्यासारखंच होतं, आणि हा भाग चेष्टेचा नाही म्हणून सरळ लिहिते. स्नायू फार मोठ्या प्रमाणात फुटले तर त्यांच्या आतला मायोग्लोबिन नावाचा पदार्थ रक्तात उतरतो, तिथून मूत्रपिंडात जातो आणि मूत्रपिंड बंद पाडू शकतो. रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. सवय नसताना पहिल्याच दिवशी अति केलेल्या धडधाकट माणसांना हे होतं, सायकलिंगच्या पहिल्याच क्लासनंतर दवाखान्यात भरती झाल्याच्या बऱ्याच केसेस डॉक्टरांनी लिहून ठेवल्यात. खुणा अशा की लघवीचा रंग गडद चहासारखा किंवा कोलासारखा होतो, सूज कमी व्हायच्या ऐवजी वाढत जाते, दुखणं नेहमीच्या आंबण्याच्या पलीकडचं असतं, हातापायात जोरच राहत नाही. यातलं काही दिसलं तर "दोन दिवस बघूया" नाही, त्याच दिवशी दवाखाना, रक्त-लघवीची तपासणी. उन्हात व्यायाम, पाणी कमी, ताप असताना व्यायाम, यांनी धोका वाढतो, आणि कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्या चालू असतील तर नवा व्यायाम सुरू करायच्या आधीच डॉक्टरांना विचारा.

मी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी पहिला प्रश्न लघवीच्या रंगाचाच विचारला, मग सूज, मग जोर किती आहे. माझा रंग ठीक होता. तरी त्यांनी रक्त तपासायला लावलं, त्यात सीके नावाचं, स्नायू फुटले की रक्तात उतरणारं एन्झाइम नेहमीच्या कितीतरी पट वाढलेलं निघालं, पण मूत्रपिंड ठीक. पाणी पी, हात हळू हलवत राहा, आणि मनाने आयबुप्रोफेनसारखी गोळी घेऊ नकोस म्हणाले, कारण अंगात पाणी कमी असताना त्या गोळ्यांचा मूत्रपिंडावर आधीच भार पडतो. मी दोन तासांपूर्वीच एक घेतली होती. ते ऐकून फोनवर जी शांतता पसरली ती अजून आठवते. कोपरं पूर्ण सरळ व्हायला नऊ दिवस लागले.

त्यानंतर जिममध्ये मी एक नियम केलाय, नवीन मशीन असो, नवीन प्रकार असो, पहिल्या दिवशी एकच सेट आणि तोही लाज वाटेल इतका हलका. ट्रेनर तोंड वाकडं करतो. करू दे. महिनाभर सुट्टी पडली की परत पहिलीपासून नाही, पण निम्म्यापासून.

झाल्यावरच्या उपायांचं दोन शब्दात सांगते कारण विचारणारे तेच विचारतात. मसाजने दुखणं खरंच कमी होतं, सगळ्या उपायांच्या तुलनेत त्यालाच सगळ्यात जास्त मार्क मिळालेत. थंड पाण्यात बसल्याने पण थोडं कमी होतं, पण रोज वजनं उचलून ताकद वाढवणाऱ्यांनी ते नेहमी केलं तर ताकद आणि स्नायू वाढायचं प्रमाणच कमी होतं असं २०१५ सालच्या एका अभ्यासात दिसलं, तेव्हा बर्फाच्या टबातले फोटो बघून हुरळू नका. सी आणि ई व्हिटॅमिनच्या मोठ्या डोसने जाणवेल असा फरक पडत नाही, २०१७ साली पन्नास अभ्यास तपासून हेच निघालं. हलकं चालणं, हात हलवणं याने तेवढ्यापुरतं मोकळं वाटतं, थांबलं की परत येतं, पण त्याने बिघडत नाही. दुखतंय त्याच जागी परत जोरात व्यायाम करून "दुखणं मोडायचं" हा प्रकार मात्र मी एकदा बघितलाय आणि करणाऱ्याचं तोंड पण बघितलंय.

आणि एक गोष्ट जी मला जिममधल्या निम्म्या लोकांना ओरडून सांगावीशी वाटते. "दुखत नाही म्हणजे व्यायाम झालाच नाही", "आज मस्त दुखतंय, स्नायू वाढतायत". नाही हो. २०११ सालीच एक छोटा प्रयोग झाला, एका गटाला तीन आठवडे हळूहळू चढवत नेलं, दुसऱ्याला थेट जुंपलं, मग दोघांनी आठ आठवडे सारखंच काम केलं. थेट जुंपलेल्यांचे स्नायू सुरुवातीला चांगले फुटले आणि दुखले, हळू आलेल्यांना काही नाही. शेवटी स्नायू आणि ताकद मोजली तर दोन्ही गटांची सारखीच वाढली होती. मग ते दुखणं कशासाठी सोसलं? तसंही किती दुखतं आणि आत किती नुकसान झालंय याचा फारसा मेळ बसत नाही, जास्त दुखलं म्हणजे जास्त झालं असं पण नाही.

मात्र यावरून ब्रेक मारणं वाईट, उतरणं वाईट असं कोणी समजू नका, मी पण मधे तसं समजले होते. उलट आहे. तैवानमध्ये साठीच्या पुढच्या वजनदार बायकांवर एक अभ्यास झालाय, बारा आठवडे, एक गट फक्त जिने चढायचा आणि लिफ्टने खाली यायचा, दुसरा लिफ्टने वर जाऊन फक्त जिने उतरायचा, दोघांनी हळूहळू मजले वाढवले. मांड्यांची ताकद, तोल, हाडं, रक्तातली साखर, जवळपास सगळ्यात उतरणाऱ्या बायका पुढे निघाल्या. आणि दम त्यांना कमी लागला. म्हणजे ज्याने मला झाकण उचलू दिलं नाही तेच औषध, फक्त चमच्याने घ्यायचं.

म्हणून हल्ली आठवड्यातून तीनदा मी लिफ्टने सातव्या मजल्यावर जाते आणि जिन्याने सावकाश, पाय न आपटता खाली येते. खालच्या मजल्यावरच्या काकू पहिल्यांदा भेटल्या तेव्हा लिफ्ट बंद पडली का म्हणून विचारलं त्यांनी. दुसऱ्यांदा भेटल्या तेव्हा म्हणाल्या, अगं चढायला जिना आणि उतरायला लिफ्ट, उलटं करतेयस तू. मी समजावायला लागले, स्टूल, बाटली, ब्रेक, सगळं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ते सगळं ठीक आहे, पण तिसऱ्या मजल्यावर तुझी चप्पल राहिलीये.